चार थरांचा पोहायचा ड्रेस

कप हातात धरून ऐका, पण मधे घोट घेऊ नका. मागच्या वेळी हे सांगताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला, आणि तिनं त्याचा दोष मला दिला.

तर मी लातूरची. एका उन्हाळ्यात ज्या गावाला पाणी रेल्वेत बसून आलं, त्या गावची. आमच्याकडे पाहुण्याला तांब्याभर पाणी देतात आणि तो त्यातलं किती पितो ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. अशा गावातल्या, पन्नाशी उलटलेल्या, दोन्ही गुडघे कुरकुरणाऱ्या बाईनं पोहायचा ड्रेस शिवायला घ्यावा? तोही काळ्या-पांढऱ्या सिनेमातल्या हिरॉइनी घालायच्या तसला, कमरेला झालर असलेला? का म्हणून विचारा. विचारा ना.

सुनेसाठी.

माझी सून प्रणिता नांदेडची. लग्न होऊन सहा महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत पोरीच्या तोंडून मी तिकडचं ‘हाव’, म्हणजे आपलं ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवते’ एवढंच ऐकलं होतं. आता मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी तासभर गप्प बसले तर शेजारीण तब्येत विचारायला येते. आणि माझ्याच घरात मुकी सून. वाटायचं, हिला हे घर आवडलं नाही, आम्ही आवडलो नाही, एक दिवस पिशवी भरून ‘बरं, जाते’ म्हणेल आणि तेवढाच एक नवा शब्द ऐकायला मिळेल.

आमच्या ह्यांना म्हटलं, “पोरगी बोलतच न्हाई हो. मनात काय हाय कळंना झालंय.”

ह्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भुसाराची आडत आहे. सोयाबीनची आवक चालू झाली की ह्यांना बायकोसुद्धा पोत्यासारखी दिसते. म्हणाले, “घरात एक माणूस बोलतंय तेवढं बास हाय.”

एक दिवस मात्र प्रणिताच्या फोनमधला एक फोटो नजरेला पडला. पोहण्याच्या टाकीच्या काठावर पाय सोडून बसलेली, केस ओले, आणि हसतेय कशी, तर सगळे दात मोजता यावेत. ही पोरगी आमच्या घरातली नव्हेच.

“हे कधीचं गं?”

“कॉलेजचं. रोज जायची मी पोहायला.”

एवढं लांब वाक्य. मी पोळी तव्यावर तशीच विसरले.

“मग आता का जात न्हाईस?”

तिनं ती पोळी उलटली. मग हळूच म्हणाली, “नांदेडला जाऊ तेव्हा तुम्ही सोबत आलात तर जाईन.”

नव्या नवरीला एकटीनं जायला संकोच, दुसरं काय. अशा वेळी शहाण्या सासूनं म्हणावं, बरं, मी काठावर बसते. मी काय म्हणाले?

“काठावर कशाला? मी पण उतरते की पाण्यात.”

पोहता येतं का मला? येतं. लहानपणी कंधारला मामाच्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायची मी. म्हणजे पोहायचा तो भोपळा, मी नुसती त्याच्यासोबत जायची.

आता घालायचं काय? दुकानातले ड्रेस बघितले. त्यातला एक तर हातरुमालाएवढा होता, तोही घडी घातलेला. मग प्रणितानं फोनवर जुन्या धाटणीचा एक दाखवला. निळ्यावर पांढरे ठिपके, गळा बंद, कमरेला झालर, सगळं कसं घरंदाज. पण तो लांबून मागवायचा होता आणि नांदेडला जाणं पुढच्या आठवड्यावर आलेलं. विहीणबाईंचं बोलावणं होतं.

“ह्यात काय हाय? मी शिवते,” मी म्हणाले.

आता शिवणातलं मला एकच येतं. गोधडी. नात्यात कुठं पाळणा हलला की गोधडी माझ्या हातची. बाकी ब्लाउजला हुक लावायचा तरी मी शेजारणीकडे पाठवते. पण सून बघत होती, आणि एकदा मी बोलले की माझी जीभ मला मागं फिरू देत नाही.

कापडाच्या दुकानात गेले. त्या माणसानं ताणणारं कापड काढलं. मी एक टोक धरलं, त्यानं दुसरं. ओढलं तर ते गल्ल्यापासून दारापर्यंत गेलं आणि सोडलं तर परत जागेवर. म्हटलं, असल्या कापडाचा काय भरवसा? पाण्यात ताणलं गेलं आणि परत आलंच नाही, तर मी बाहेर कशी येऊ? चांगलं जाडजूड सुती काढा.

“काय शिवायचं हाय, मावशी?”

“उशीचे अभ्रे.”

त्यानं मी सांगितलं तेवढं मोजून कापलं आणि म्हणाला, “उशा चांगल्याच दणकट दिसतायत.”

घरी आले. माप कसं घ्यायचं? आपल्याकडे टेलरला माप कोण देतं? मापाचा ब्लाउज देतात. मी पण तो अंथरला, खाली ह्यांची नाड्याची चड्डी अंथरली, दोन्हीच्या कडेनं खडू फिरवला आणि मधे शिवण मारून जोडून टाकलं. उभं राहिलं की अगदी बरोबर. वाकलं की खालून ओढायचं, बसलं की वरून. मग कमरेत वीतभर पट्टी जोडली. पट्टी दिसायला नको म्हणून वर झालर. झालर जरा जास्तच झाली, पण मला आवडली. आरशात बघितलं तर मी वरून सिनेमातली आणि खालून दिवाळीतला आकाशकंदील.

मग म्हटलं, भिजवून बघू. लातूरची असल्यामुळे अर्ध्याच तांब्यानं. आणि काय सांगू, ओलं होताच ते कापड असं चिकटलं की आतल्या मंगळसूत्राच्या वाट्या दिसायला लागल्या. बाई गं. म्हणून आतून अस्तर लावलं. तरी मनाची खात्री होईना. आणखी एक अस्तर. आणि अंगाला टोचू नये म्हणून सगळ्यात आत सासूबाईंच्या जुन्या मऊ लुगड्याचा थर. आता झाले चार थर. ते एकमेकांवरून सरकायला लागले. सरकणारे थर कसे बसवायचे हे मला कुणी शिकवायला नको. मी सुई घेतली, दोरा ओवला आणि वरपासून खालपर्यंत बोटाबोटावर धावदोरे घातले.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं.

ह्यांनी तो दोरीवर बघितला. “हे काय, कूलरचं कव्हर?”

“पोहायचा ड्रेस हाय माझा.”

ह्यांनी कापड चिमटीत धरून बघितलं. मग म्हणाले, “आडतीवर ताडपत्री पडलीय. ती पाणी धरत न्हाई.”

त्या आठवड्यात कुणी शहाण्यासारखं बोललं असेल तर ते एवढंच. मी त्या दिवशी ह्यांना चहा दिला नाही.

प्रणितानं ड्रेस हातात घेतला. वजन करून बघितल्यासारखा जरा वरखाली केला. “आई, आत किती थर हायत?”

“असतील एकदोन. कसा झालाय?”

“छान. पण आई, पाण्यात हे...”

“पाण्यात तर आणखी खुलून दिसंल. झालर बघ कशी पसरंल. रंग पण पक्का हाय, मी बघितलाय. आन तुला सांगते, आमच्या मामाच्या विहिरीत तर...” आणि मी तिला विहीर, भोपळा, मामा, मामाची म्हैस सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. म्हणाली, “बरं.”

मला वाटलं, पोरगी भारावली.

नांदेडला पोचलो. दुपारी बायकांची वेळ होती. विहीणबाई टाकीच्या काठावर खुर्ची टाकून, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन बसल्या. ह्या बाईंचं बोलणं म्हणजे गोड पानात लपवलेली चुन्याची डली. मी ड्रेस घालून बाहेर आले तशा त्या चावायच्या थांबल्या.

“सुमनबाई, थंडी वाजून राहिली काय तुम्हाला?”

“न्हाई हो. जुनी फॅशन हाय ही.”

“हाव, जुनी तर दिसूनच राहिली.”

प्रणिता लांबच्या टोकाला सूर मारून गेली होती. काय पोहते म्हणून सांगू, पाण्याला ओरखडासुद्धा येत नव्हता. मी शिडीनं उतरले, कमरेइतक्या पाण्यात. आणि खरं सांगते, पहिलं अर्धं मिनिट स्वर्ग होता. झालरीखाली हवा अडकली आणि ती चारी बाजूंनी कमळासारखी वर आली. मी मधे उभी. विहीणबाईंकडे बघून मी मान जरा तिरकीसुद्धा केली.

मग ड्रेस पाणी प्यायला लागला.

तुम्ही दसऱ्याआधी गोधड्या धुतल्यात ना? कोरडी गोधडी लेकरू उचलतं, आणि ओली झाली की तिला दोन बायका लागतात, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. तसलं ते. एक थर भरला की दुसऱ्याला पाणी द्यायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि सासूबाईंचं लुगडं तर असं पीत होतं जणू हयातभराची तहान भागवतंय. टाकीतलं पाणी चार बोटं खाली गेलं. खोटं वाटत असेल तर नांदेडला जाऊन विचारा.

मी शांतपणे शिडी गाठली. एक पाय वर टाकला. ड्रेस म्हणाला, नाही. दुसऱ्यांदा जोर केला, अर्धी वर आले आणि डबक्यात म्हैस बसावी तशी परत बसले.

वरून विहीणबाईंचा आवाज आला, “काय झालं हो, पाणी सोडवंना काय?”

“जरा गार वाटतंय, बसलेय,” मी म्हणाले.

“बसा की. पण समदं पाणी अंगावर घेऊन लातूरला निघालात की काय, अशी शंका येऊन राहिली.”

काठावरच्या सगळ्या बायका हसल्या, पोहायला शिकवणाऱ्या मॅडमसुद्धा. मी पण हसले, पण आतून पार खचले. माझी फजिती मला नवी नाही हो. पण वाटलं, ज्या पोरीला आपलंसं करायला आले, तिच्याच गावात, तिच्याच आईसमोर तिला मान खाली घालायला लावली. आता ही जन्मभर बोलायची नाही.

तेवढ्यात पाणी कापत प्रणिता आली. तिनं माझ्याकडे बघितलं, शिडीकडे बघितलं, आणि मग ती बोलली. बोलली म्हणजे, टाकीवरच्या कबुतरांनी जागा बदलली.

“मम्मी, तू चूप बस. डबा ठेव आन मोठा टॉवेल आण. मॅडम, तुम्ही वरून काख धरा. काकू, तुम्ही ती झालर धरा. झालर सोडायची न्हाई, समदं पाणी तिच्यातच हाय. आई, तुम्ही दांडा धरा आन हलू नका. बोलू पण नका.”

मी बोलले नाही. तिथं जमलेल्या कुणाला त्याचं महत्त्व कळलं नाही.

ढकलत, ओढत मला काठावर आणलं. पण उभी राहीन तर शपथ. मग प्रणितानं टॉवेल गुंडाळला आणि माझ्यासकट तो ड्रेस पिळायला घेतला. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं शिकवणाऱ्या मॅडम, झालरीला दोन अनोळखी बायका. एकीकडून पीळ बसला की मी विहीणबाईंकडे बघायची, दुसरीकडून बसला की लातूरकडे. शेजारणीनं लावून दिलेले हुक तर असे उडाले की एक थेट चिवड्याच्या डब्यात पडला. विहीणबाईंनी तो काढून बाजूला ठेवला आणि चिवडा खात राहिल्या.

मॅडम धापा टाकत म्हणाल्या, “काकू, इथं नायलॉनचाच ड्रेस चालतो. हे कापड कोणतं?”

मी तोंड उघडणार, तोच प्रणिता म्हणाली, “गोधडी हाय, मॅडम,” आणि मग ती हसायला लागली. काठावर बसून, पोट धरून, उचकी लागेपर्यंत. फोटोतलेच ते सगळे दात.

तिची उचकी थांबल्यावर मी विचारलं, “तुला आधीच माहीत होतं?”

“हाव. हातात घेतला तवाच.”

“मग बोलली का न्हाईस, बाई?”

तिनं माझ्या केसांतलं पाणी निपटलं आणि अगदी मायेनं म्हणाली, “आई, तुम्ही बोलायला जागा कुठं ठेवता?”

सहा महिने मी जिच्या मौनाचं कारण सगळ्या घरादारात शोधत होते, ते कारण तिथं टॉवेलात बसून गळत होतं.

बाहेर हे गाडी घेऊन उभे होते. मी दुसरं लुगडं नेसले होते, पण केस, पिशवी, सगळं टपकत होतं. ह्यांनी पिशवी हातात घेतली, आणि ती त्यांच्या हातातून खाली गेली. माझ्याकडे बघून म्हणाले, “मॉइश्चर लई हाय. सोयाबीन असतं तर दारातून परत पाठवलं असतं.”

प्रणिता मागच्या सीटवर बसली आणि लातूर येईपर्यंत बोलत होती. कॉलेज, टाकी, मैत्रिणी, तिच्या आईच्या तऱ्हा, सगळं. मी दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. जड गेलं, पण मिटलं.

आता ती लातुरात पोहायला जाते, मी सोबत असते, नायलॉनमध्ये. आणि घरी कुणी आलं की हा किस्सा निघतोच. फक्त तो आता तिच्याकडे गेलाय. परवा माझीच भिशीची मंडळी आली होती. मी ‘तर मी लातूरची’ म्हणून सुरुवात केली, तर सगळ्या म्हणाल्या, तुम्ही थांबा हो, प्रणिताला सांगू द्या, ती छान सांगते. सांगत होती पोरगी. मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी. ऐकते तर काय, मला टाकीतून काढायला नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणावरची क्रेन आणली होती म्हणे.

मी म्हटलं, “अगं, क्रेन कुठली आली होती?”

तर माझ्या हातातली बशी घेऊन म्हणते कशी,

“आई, मधी बोलू नका.”