निनावी तक्रार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. दरवर्षी वर्गात रोमन सम्राटाचं ते उत्तर शिकवायची वेळ येते आणि मी ते घाईने उरकून पुढच्या धड्याकडे वळते. ख्रिस्ती लोकांचं काय करू, असं एका सुभेदाराने विचारलं होतं. सम्राटाने कळवलं – शोधत फिरू नका. तक्रार आली, सिद्ध झाली, तर शिक्षा करा. पण निनावी तक्रार घेऊ नका.

हे उत्तर मला प्रथम नीट समजावलं ते सुहासने. नगरचा ख्रिस्ती मुलगा, परदेशात पिस्कॅटवेच्या विद्यापीठात माझ्याच वर्गात. मी पुण्याची, संस्कृतात पहिली आलेली – आणि लॅटिन मात्र त्याला यायचं! गावच्या फादरनी शिकवलेलं. मला 'ताई' म्हणायचा. त्याच्या त्या 'ताई'ने तर माझं पोट आणखीच दुखायचं.

असिस्टंटशिपची – फी माफ, वर पगार – जागा एकच होती, आणि ती आम्हा दोघांनाही हवी होती. सेमिनारमध्ये तो म्हणाला, "दॅट एम्परर डिडन्ट लाइक ख्रिश्चन्स. पण त्याला ठाऊक होतं, निनावी तक्रार म्हणजे शेजाऱ्याच्या हेव्याला सरकारचा हात." मराठी वाक्य भरात निघून गेलं, मग हसत त्याने त्याचं इंग्रजी केलं. प्रोफेसर उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते कधी उठले होते का? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता सांगतेच. सुहास शनिवार-रविवार एडिसनला ओक ट्री रोडवरच्या मिठाईच्या दुकानात काम करायचा. स्टुडंट व्हिसावर ते चालत नाही. त्या काळात व्हिसाची ऑफिसं फार कडक झाली होती. त्याचं हे काम विद्यापीठात फक्त मला माहीत होतं – ताई म्हणून विश्वासाने सांगितलेलं. मी एडिसन स्टेशनवरच्या पब्लिक फोनवरून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला फोन केला. दुकानाचं नाव सांगितलं, त्याचं नाव सांगितलं. पलीकडच्या बाईंनी माझं नाव विचारलं, तेव्हा फोन ठेवला.

त्यांनी तक्रार घेतली. चौकशी झाली, सुहासने खोटं बोलायचं नाकारलं, आणि त्याचा व्हिसा गेला. असिस्टंटशिप मला मिळाली. पुढे नोकरी, घर, सगळं त्याच जागेवरून.

नेवार्कच्या विमानतळावर त्याला सोडायला मीच ड्राइव्ह करत गेले – आहे की नाही कमाल? वाटेत तो म्हणाला, "कोणी केलं असेल गं, ताई?" मी म्हटलं, दुकानातल्या काकांनी असेल. तो लगेच म्हणाला, "छे! काका तसे नाहीत. आणि ज्याने केलं त्याचं भलं होवो, यार. जागा तुला मिळाली, बाहेर गेली नाही."

उतरताना त्याने आपली लॅटिनची डिक्शनरी माझ्या हातात ठेवली. काकांवर त्याने संशय घेतला नाही. माझ्यावर तर नाहीच. इतकं स्वच्छ मन कुणाचं कसं असू शकतं – आणि तिथे, गाडीत बसल्याबसल्या, मला त्या मनाचाही हेवा वाटला.