किल्लीवाली बाई

शाळा सुटली, सारे पोट्टे निघून गेले, अन् माही चिनू कुठीच नाही. वर्गात दप्तर हाये, पोरगी नाही. मी रोडवर पळाली, तिकडं प्लांटच्या ट्रका धडधड चालल्या होत्या, तिथून परत हँडपंपाकडं पळाली. पहिलीतली पोरगी, जाऊन जाऊन जाईन कुठं?

गेटजवळ शाळेची झाडझूडवाली बाई भेटली. मी तिले धरून हलवलंच. ती म्हणे, घरी गेली असंन, घाबरू नको नोनी.

ही बाई तुमाले सांगाच लागंन. छत्तीसगढी बोले, पोरीले नोनी म्हणे अन् पोरीच्या मायलेही नोनीच. पोरींच्या बाथरूमची किल्ली तिच्या कमरेले. ती कामाले लागाच्या आंधी तिथं पाय ठेववत नव्हता, आमच्या मरोदा वस्तीच्या पोरी सकाळपासून पाणीच पेत नव्हत्या. हिनं घासून घासून फरशीचा रंग दाखवला. साबण जुन्या मोज्यात घालून नळाले बांधून ठेवे, नाही तं साबण घरी जाये. पोरगी बाहेर आली का बाईचं एकच, "हाथ देखा, नोनी." हात नाकाशी नेऊन वास घे. साबणाचा वास नाही आला तं परत आत. एकदा हेडसर डबा खाले निघाले, तं सवयीनं त्याइचाही हात धरला. सर हासले अन् गेले धुवाले.

सुट्टी झाली का ती लगेच कुलूप लावे, कारण संध्याकाळी बाहेरचे पोट्टे क्रिकेट खेळाले येत अन् नळ तोडून ठेवत. कुलूप लावाच्या आंधी जोरानं पुसे, "भीतर कोन हे?" जवाब नाही आला तं कुलूप.

त्या दिवशीही पुसलं होतं म्हणे. मले हेच सांगत होती, अन् सांगता सांगता तिचा चेहरा उतरला. किल्ली काढून ती मागच्या बाजूले पळाली, मी तिच्यामागं. किल्ली उलटी घातली, काढून परत घातली, तवा कुलूप उघडलं.

चिनू आत दाराशी बसली होती. रडून रडून आवाज बसला होता. मी तिले कवटाळलं अन् मंग ओरडली, बाईनं आवाज दिला तं बोलली कावून नाही व?

"आजी म्हणते, संडासात बसलं का बोलाचं नाही."

माह्या सासूचा नियम हाये तो. तिथं तोंड उघडलं का पाप लागते. बाईनं पुसलं तवा पोरगी बसून होती, नियमानं गप्प राहिली. उठून पायते तं कुलूप. मंग लय ओरडली, पण बाई तवा समोर वर्ग बंद करत होती.

दुसऱ्या दिवसापासून बाईनं आवाज देणंच सोडलं. दारावर मग्गा ठोके, आतून पोरगी मग्गा ठोकून जवाब दे. सासू म्हणे, आता बरोबर हाये. साऱ्या शाळेत पोरींचा तो खेळच झाला.

आता बाई नाही. गुडघे गेले, नंदिनी नगरले पोरीकडं राहाले गेली. नवीनवालीही चांगली हाये. चिनूची पाण्याची बाटली रिकामी घरी येते, तेवढं पायलं का माह्या जिवात जीव येते.

पण गल्लीतल्या बाया मले अजून टोमणे मारतात, लय भोळी हायेस व तू. कारण त्या दिवशी बाथरूमसमोर सारे जमा झाले होते. एक जण म्हणे, आज कोंडली, उद्या मारून टाकंन. हेडसर मले म्हणे, "तुमी म्हणाल तं उद्यापासून बाई बंद." बाई भिंतीले टेकून उभी. चिनू माह्या कडेवर होती, पण मुठीत बाईचा पदर धरून होती, सोडे ना. मी म्हटलं, राहू द्या सर तिले. तुमी काय केलं असतं?