माझ्या बंगल्यासाठी वहिनीची रोपवाटिका

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी आबा गोठ्यातून बाहेरच आले नाहीत. आई दारात रडत होती, दादा नारायणगावच्या स्टँडपर्यंत सोडायला निघाला होता आणि नवी नवरी वहिनी माझ्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कोंबत होती. मी गोठ्याशी जाऊन म्हटलं, "आबा, येते." म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत आबा म्हणाले, "पोरीची जात. येवढ्या लांब जाऊन काय दिवे लावणार हाईस?" जीपमध्ये बसल्यावर मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

भावकीत तेव्हा एकानंही 'जा' म्हटलं नव्हतं. नाक कापलं जाईल, पोरगी हातची जाईल, काय काय बोलले! आणि यंदा माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्याच भावकीनं वारूळवाडीच्या फाट्यावर फ्लेक्स लावला. 'वारूळवाडीची शान, जर्मनीत मान.' मधोमध माझा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून गॉगलवाले सगळे पुरुष. वहिनी कुठंच नाही. दादाला विचारलं तर म्हणतो, "बायांचे फोटो नाय टाकत गं फ्लेक्सवर."

"मग मी कोण?"

"तुझं निराळं हाय."

निराळं म्हणे! माझं निराळं काय आहे ते मला विचारा. स्टुटगार्टला एका कंपनीत मी गाड्यांचे ब्रेक तपासते. काम चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण माझ्या फ्लॅटमध्ये रविवारी मिक्सर लावला तर शेजारीण दारावर चिठ्ठी चिकटवते. वाढदिवसाला ऑफिसात केक आपला आपणच न्यायचा, असा तिकडचा रिवाज. माझ्यासारखे बाहेर गेलेले तुम्ही सगळे हे जाणता, फक्त गावी फोन केला की सांगत नाही.

आणि वहिनीनं काय केलं ते ऐका. दादाचं शेतात कधी मन लागलं नाही. तिनं रस्त्याकडच्या पट्ट्यात शेडनेट उभारलं, ट्रेमध्ये कोकोपीट भरून टोमॅटोची रोपं करायला लागली. पहिल्या वर्षी बुरशीनं सगळी रोपं बसली तेव्हा हीच भावकी फिदीफिदी हसली. आज ओतूरपासून मंचरपर्यंतचे शेतकरी लागवडीच्या आधी तिच्याकडं बुकिंग करतात. गावातल्या बाया तिच्याकडं कामाला आहेत. टेम्पो रस्त्यावरून थेट शेडला लागतो, म्हणून तर धंदा चालतो. हे कर्तृत्व नव्हे? पण ते रोज डोळ्यांसमोर आहे ना, मग कोण बघतंय! घर की मुर्गी दाल बराबर, असं आमच्या गावातही टीव्ही बघून म्हणायला शिकलेत.

वाढदिवसाला गावी आले तर अंगणात मांडव, केक, स्पीकर, सगळा थाट होता. वहिनीनं मला पाटावर बसवून ओवाळलं आणि लगेच मागच्या चुलवणावर पुऱ्या तळायला गेली. मग आबांनी माइक हातात घेतला. आता थकलेत, पण आवाज तोच.

"माज्या लेकीनं नाव काढलं," ते म्हणाले. "म्या ठरावलंय. रस्त्याकडची जागा मोकळी करायची आन् तितं हिच्यासाठी बंगला बांधायचा. म्हातारपणी हितंच यील ती."

टाळ्या पडल्या. रस्त्याकडची जागा म्हणजे वहिनीची शेड. मला आधी कुणी एका शब्दानं सांगितलेलं नव्हतं. मागं वळून पाहिलं तर वहिनी हातात झारा घेऊन तशीच उभी होती, आणि कढईतली पुरी काळी पडत होती.

माझं टाळकंच फिरलं. उठून म्हटलं, "आबा, मला बंगला नको."

"आगं, पावण्यांसमोर..." दादा कुजबुजला.

"पाहुण्यांसमोरच जाहीर केलंत ना? मग पाहुण्यांनाच ऐकू दे. वर्षातून पंधरा दिवस येणार मी, आणि त्यासाठी हिची भरली शेड उपटायची? मला विचारलं? तिला विचारलं?"

आबांचा चेहरा पडला. खुर्चीत बसत ते म्हणाले, "बरं बाई. तू म्हंतीस तर ऱ्हाऊ दे शेड."

मी जिंकले असं मला वाटलं. ताठ मानेनं मागं गेले. वहिनी माझ्याकडं बघेचना. पुऱ्या लाटणाऱ्या बाया उठून गेल्यावर ती म्हणाली, "वन्सं, दोन वरसं झाली बंगल्याचं चाललंय, म्या ह्येच सांगत व्हते. पाया पडून सांगितलं, भांडून सांगितलं. माजं बोलणं म्हंजी कटकट. तुमी एकदा बोललात आन् झाला निकाल." तिचे डोळे भरले होते, पण ते रडणं नव्हतं. संताप होता, माझ्यापेक्षा मोठा.

आबा म्हणाले होते 'तू म्हंतीस तर', तेव्हाच मला ते टोचायला हवं होतं. ज्या घरानं मला जाऊ द्यायचं नव्हतं तिथं आता माझा शब्द चालतो, कारण मी गेले. जिनं ते घर धरून ठेवलं, तिचा चालत नाही, कारण ती राहिली. बाहेर गेलेल्या माझ्या सगळ्या सोबत्यांनो, गावच्या मानाचे फेटे बांधून घेताना एवढं लक्षात असू द्या. मला तर त्या घराला माझं म्हणायची लाज वाटते, आणि दुसरं घर मला नाही.

"मग मी काय करू, सांग," मी वहिनीला म्हटलं.

तिनं कढई उतरवली, पदरानं तोंड पुसलं.

"आबा दिवाळीला परत बंगल्याचं काढत्यात का न्हाई बघा. तवा या. पण तुमी गप ऱ्हायचं. म्या बोलंन. तुमी नुसतं माज्या शेजारी बसा."

गप बसणं मला आयुष्यात जमलेलं नाही. पण दिवाळीचं तिकीट मी काढलंय.