ओकायामाच्या पिशव्या

मुलगा तीन वर्षांनी जपानहून परतला आणि त्याच्या सुटकेसमधून निघाल्या कागदी पिशव्या. गठ्ठेच्या गठ्ठे, तोंडाला बारीक तार असलेल्या. परदेशातून कोणी आईसाठी कागद आणतं का? कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं. गोंदियाजवळच्या गोरेगाव तालुक्यातल्या शाळेत मी जन्मभर मास्तरकी केली. कॉपी करणारं पोर मला पाठमोरं बसलं तरी कळायचं.

तो ओकायामाला पीचच्या बागेत कामाला होता. पीच म्हणजे आपल्या गोंदियात हातगाडीवर दिसतो तो आडू. पण तिथला म्हणे दुधासारखा पांढरा, आणि इतका नाजूक की बोट दाबलं तरी डाग पडतो. बागेची म्हातारी मालकीण फांदीवर मोजकी फळं ठेवायची, बाकीची सुपारीएवढी असतानाच खुडायची. उरलेल्या प्रत्येक फळाला ऊन नि किडे लागू नयेत म्हणून पिशवी. ही रीत तिच्या सासऱ्यापासून चालत आलेली. "पहिल्या वर्षी तिनं मले फळाले हातच लावू देला नाही," असं तो मोठ्या कौतुकानं सांगायचा. मला ते कौतुक खुपायचं.

आमच्या मुर्री गावच्या उन्हात आडू कसला येतो! म्हणून त्यानं घरामागच्या पेरूच्या सहा झाडांवर ती विद्या चालवायचं ठरवलं. फळ चांगलं निघालं तर मागच्या धानाच्या बांधीतही झाडं लावून इथंच राहीन, नाहीतर म्हातारीनं परत बोलावलंच आहे, हे त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं.

आणि मग तो खुडायलाच लागला. दहातली नऊ कोवळी फळं जमिनीवर.

"काऊन तोडून राहिला लेका?"

"तिकडं असंच करतेत, आई."

माझी खात्री पटली. याला जायचंच आहे. पीक बुडवायचं, मग बॅग भरायची आणि वर फळावर खापर फोडायचं. संध्याकाळी फोनवर जपानीत बोलायचा आणि मी जवळ गेले की नुसता हसायचा.

पिशव्या बांधून झाल्यावर त्यानं बजावलं, "उघडू नको." मास्तरणीला असं सांगायचं असतं का? तो घराबाहेर पडला की मी हाताला येतील त्या पिशव्या सोडून बघायची. फळं हिरवीगार, ठणठणीत. तार पिळून पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी जीव राहायचा नाही, पुन्हा तेच.

दिवाळीनंतर त्यानं फळं उतरवली. खालच्या फांद्यांवरची कापली तर आत अळ्या वळवळत होत्या. मला वाटलं, बघा, मी म्हणत होते ना! पण आनंद झाला नाही. मग तो शेंड्याकडे चढला आणि अकरा फळं घेऊन उतरला. फिकट पिवळी, एकावरही डाग नाही. दोन्ही ढीग ओसरीवर मांडून तो पिशव्यांच्या तारा निरखत बसला. त्याचा पीळ उजवीकडचा होता, खालच्या पिशव्यांवर डावीकडचा. मी डावखुरी आहे.

"आई, तुया हात जितं पोचला तितलीच सडली."

कानावर हात ठेवता आले असते. पण रडूच फुटलं. "तू जाशील म्हणून पाहात होते रे."

"मंग मले इचारायचं ना! पिशवीले कायले इचारत होती?"

त्यानं एक पेरू कापून अर्धा माझ्या हातात दिला. "पुढच्या साली पिशव्या तू बांध," म्हणाला. एवढंच.

यंदा सगळ्या पिशव्या मी बांधल्या. त्याला महिना झाला. आत काय आहे, मला ठाऊक नाही. हात शिवशिवतात, मी ते पदरात गुंडाळून ठेवते.

काल संध्याकाळी त्याचा फोन वाजला. जपानीत बोलत तो फाटकाबाहेर गेला. तो परत आला तशी मी सरळ विचारलं, "काय म्हणत होती म्हातारी?"

"मी धाडलेला पेरूचा फोटो पाहून इचारत होती, पिशव्या कोनं बांधल्या म्हणून."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी विश्वास ठेवला. वेळ लागला, पण ठेवला.