मांडीवरचा लॅपटॉप आणि आईची रोवळी

काल दुपारी आमच्या तोंडवलीच्या घरी जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. ऑफिसचं काम चालू असताना माझा लॅपटॉप तापून आपोआप बंद पडला.
२. तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. मी पडवीच्या पायरीवर बसले होते, कारण डेटा कार्डला रेंज तिथेच मिळते.
३. मांडीवर होता, कारण घरातलं एकमेव टेबल पाहुण्यांच्या खोलीत आहे.
४. टेबल माझं आहे.

माझ्या बारावीच्या वेळी बाबांनीच ते फणसाच्या लाकडाचं करून घेतलं होतं. दादाने मुंबईहून होम-स्टेची कल्पना काढली तेव्हा माझी खोली पाहुण्यांना गेली, आणि टेबल खोलीबरोबर गेलं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी पुण्याचं काम इथून करते. आई अजून काठी घेऊन चालते, उठता-बसता कोणीतरी लागतं. ऑफिसने परवानगी दिली, अट एकच... काम थांबता कामा नये.

आता तांत्रिक भाग. लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा आत घेतो आणि बाजूने गरम हवा बाहेर टाकतो. मांडी, ओढणी, उशी, यातलं काहीही खाली आलं की जाळी बंद होते, आणि मे महिन्यात बाहेरची हवाही तापलेलीच असते. त्याला खाली कडक आणि जरा उचललेलं काहीतरी लागतं... म्हणजे टेबल.

टेबल मागितलं तेव्हा बाबा म्हणाले, "फोटोत टेबल दिसता. गिऱ्हायक इचारतला तर काय सांगू?" दादाने इंटरनेटवर खोलीचे फोटो टाकलेत. त्यात 'समुद्राकडे तोंड असलेलं रायटिंग टेबल' आहे.

दादाला फोन केला. तो हसला. "नावातच लॅप आसा मगे. टेबल कित्याक व्हया तुका?"

नवीन घे, असं सुचवणाऱ्यांसाठी: पाहुण्यांना दिलेल्या दुसऱ्या खोलीत टेबल नाही. नवीन आलं तर ते तिथे जाईल.

मग मी आईची रोवळी घेतली. तांदूळ धुवायची, बांबूची. उपडी घालून मांडीवर ठेवली आणि तिच्यावर लॅपटॉप. विणीतून हवा खेळते, मांडी भाजत नाही, आतल्या पंख्याचा आवाजही कमी होतो. महागडा कूलिंग पॅड याहून वेगळं काही करत नाही.

आई म्हणाली, "तुझ्या त्या मशिनीक रोवळी व्हयी, मगे मी तांदूळ कित्यात धुवू गो?" पण दिली. सकाळी तांदूळ, दुपारी मी, असं ठरलं.

शेजारच्या काकी मासे विकून परत जाताना थांबल्या. "मांडयेर प्वार घेवच्या वयात ह्या काय घेवन बसलंस गो?" माझी टेस्ट रन चालू होती.

हे सगळं नीट चाललं होतं... परवापर्यंत.

परवा खोलीतल्या पाहुण्यांचा लॅपटॉप बंद पडला. पुण्याहून आलेलं जोडपं, स्वभावाने चांगलं. बाबा लगेच शुद्ध मराठीत म्हणाले, "आमची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, तिला दाखवा ना." आवाजात अभिमान होता. तो मला ऐकू आला, हेही नोंदवते.

मी गेले. ते गृहस्थ पलंगावर बसले होते, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. माझ्या टेबलावर ओले टॉवेल, चिप्सची पाकिटं आणि किनाऱ्यावरून वेचलेले शिंपले. लाकडावर पाण्याचे पांढरे डाग.

मी सांगितलं, उशीने जाळी बंद झालीय, टेबलावर ठेवा.

"टेबलावर जागाच कुठेय हो!" ते हसून म्हणाले. "आणि मांडीवर बरं पडतं. तुम्ही कशावर ठेवता?"

विचारलं म्हणून सांगितलं, रोवळीवर.

त्यांना ते फार आवडलं. बघायला मागितली, फोटो काढला, बायकोला दाखवली. मी खोलीतून बाहेर येईपर्यंत बाबांनी रोवळी त्यांच्याकडेच ठेवली होती... ते असेपर्यंत. "राहू दे, राहू दे, आमच्याकडे काय, चालतं."

काल मी रोवळीशिवाय पायरीवर बसले. पुढचं वर क्रमांक एकमध्ये आहे. मॅनेजरने शांतपणे विचारलं, सोमवारपासून पुण्याला येतेस का, शुक्रवारी सांग.

फोन ठेवला तेव्हा आई दारात खुर्चीवर बसली होती. ऑपरेशनचा पाय पाटावर होता. तिने पाय खाली घेतला, काठीने पाट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "ह्यो घे."

पाट सपाट आहे, त्यातून हवा जाणार नाही, असं मी तिला सांगितलं. खरं तर पाटावर चाललं असतं. मी तिचा पाय उचलून परत वर ठेवला. या घरात स्वतःची वस्तू मला देऊ केली ती फक्त तिने, आणि तीही दुखऱ्या पायाखालची. याबद्दल तिचे आभार तोंडावर मानता आले नाहीत, ते इथे मानते.

दादा, तू माझा ब्लॉग वाचतोस, म्हणूनच इथे लिहिलंय. फोनवर तू 'बघूया' म्हणतोस आणि बाबा तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत.

टेबल पडवीत आणायला तू बाबांना सांगणार आहेस का? हो किंवा नाही. उत्तर नाही असेल, तर सोमवारपासून आईला उठवायला-बसवायला कोण येणार, तेही त्याच उत्तरात लिही.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव.