उपवासाचं खाणं

आमच्या ह्यांना समाजकार्याची हौस अजिबात नाही. सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा दाराजवळची खुर्ची धरतात. त्यामुळे मधुमेह आधीच रोखता येतो का, हे तपासणाऱ्या संशोधनात ते आपणहून नाव देऊन आले तेव्हा मी चाटच पडले. साखर अगदी हद्दीवर असलेली माणसं हवी होती. औषध नाही, बेतानं खायचं, रोज चालायचं आणि दर आठवड्याला केंद्रातल्या मुलीला फोनवर सगळं खरं सांगायचं.

आमच्या खांदा कॉलनीत बातमी पसरली, म्हणजे ह्यांनीच पसरवली. "डाक्टर लोक माझा अभ्यास करतात," हे भाजीवाल्यालाही ऐकवून झालं. नवे बूट आले. भात निम्म्यावर आला. मी भाकरीचा तुकडा जास्त वाढला, तर शास्त्राच्या मुळावर उठल्यासारखं माझ्याकडे बघायचे.

तरी पुढच्या तपासणीत साखर वाढलेलीच निघाली. बूट कोपऱ्यात गेले. "आमच्या रक्तातच हाय ते," एवढंच म्हणाले. माझ्या सासऱ्यांचा पाय साखरेपायी कापावा लागला होता. जखमेची पट्टी रोज हेच बदलायचे. त्या दिवसांबद्दल ते कधी बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

नाव काढून घ्यायला केंद्रात गेले, तेव्हा मी सोबत होते. ती मुलगी उरणची, हसतमुख. म्हणाली, "काका, सोडायचं तर तुमची मर्जी. जाता जाता कालचं खाणं तेवढं सांगा."

"काल एकादशी. उपास व्हता. काय नाय खाल्लं."

मी कान टवकारले. "काही नाही? अहो, मग दोनदा मागून घेतलेली साबुदाण्याची खिचडी कोणी खाल्ली? बटाट्याची भाजी? शेंगदाण्याचे लाडू?"

"उपासाचं कुनी जेवनात धरतं काय?" ते खरोखरच दुखावले. खोटं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. एकाही देवाला नाराज करायचं नाही, आणि दर वेळी फोनवर प्रामाणिकपणे "काय नाय". मी तरी कुठे शहाणी? कढई भरून खिचडी करणारी मीच.

मुलगी हसू दाबत म्हणाली, "माझी आईपण असंच म्हणते. पण काका, साखरेला एकादशी कळत नाही."

आता हे भडकणार, असं मला वाटलं. चूक दाखवलेली त्यांना खपत नाही. पण ते तिच्याकडे बघतच राहिले.

"म्हंजे खिचडीनं वाढली? बाबांमुलं नाय?"

"दोन्ही असेल. पण खिचडी तुमच्या हातात आहे."

नाव काढायचं राहिलंच. बाहेर आल्यावर रिक्षा समोर उभी असून हे तरातरा चालत निघाले. "अहो, मला नाही एवढं चालवत," म्हटलं तरी थांबेनात. चूक सापडल्यावर इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता. मी धापा टाकत मागून त्यांचे दोन्ही पाय बघत राहिले.