पोळ्याच्या तोरणाखाली शेठजींचा घोडा

आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेली मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या गोष्टीत ही पदवी काही कामी आली नाही. तरी तिचा अभिमान मला आजही आहे.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. गोंदियात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी कामाला होते. आमचे साहेब राइस मिलवाल्यांचे रिटर्न भरत. त्यातल्या एका शेठजींची बोदलकसा तलावाकडे, आमच्या गावालगत शेती होती, आणि त्या शेतावर त्यांच्या मुलाचे घोडे होते. मुलगा कुठल्याशा डोंगरावरच्या महागड्या शाळेतून घोडेस्वारीचा नाद घेऊन आला होता. सुट्टीत यायचा, रपेट मारायचा, निघून जायचा. बाकी वर्षभर घोडे सांभाळायचे माझे बाबा.

म्हणजे बाप घोड्यांना खरारा करायचा आणि लेक त्याच घोड्यांचा चणा, नाल, डॉक्टर आणि बापाचा पगारसुद्धा गिरणीच्या 'वाहतूक व देखभाल' खर्चात बसवायची. घोडे कशाची वाहतूक करतात, हे मला काही कळत नव्हतं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "हौस धंद्याच्या खर्चात टाकली की नफा कमी दिसतो. नफा कमी, तर कर कमी. मोठ्या घरी असंच असतं."

रविवारी गावी गेले तेव्हा बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आपला बैल मेला होता, तवा आपल्याले काऊन नाही भेटली सूट?"

"आपण करच भरत नव्हतो ना बाबा."

"मंग ते चांगलं होतं का वाईट?"

मी त्यांचा रिकामा कप उचलून आत नेला.

मग आयकराची नोटीस आली. गिरणीला घोडे कशाला लागतात, म्हणून. साहेबांनी शेठजींना बोलावलं. "घोडे कामाचे आहेत, असं काहीतरी दाखवा. नाही तर हा खर्च कापतील."

शेठजी म्हणाले, "खर्चा कटा तो मैं घोड़े नहीं रखूँगा, साफ बात. बेटा रोए तो रोए."

कीबोर्डवरचे माझे हात थांबले. घोडे गेले की बाबांचं काम गेलं. गिरणीत पोती उचलायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं, आणि एक गुडघा तर आधीच रुसलेला. शेठजींना ठाऊक होतं मी कोणाची मुलगी ते. जाता जाता म्हणाले, "फिकर मत कर बिटिया. पोला आ रहा है."

मी म्हटलं, पोळ्याचं यात काय?

पोळ्याला गावी गेले तेव्हा कळलं. आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानात, तोरण बांधलेलं, बैलांची रांग लागलेली, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. आणि त्या रांगेत मखमलीची झूल घातलेला शेठजींचा पांढरा घोडा. लगाम बाबांच्या हातात. शेठजींचा मुनीम कॅमेरा घेऊन समोर उभा. पोळ्याला काम करणारं जनावर उभं राहतं, म्हणजे जे पोळ्यात उभं राहिलं ते कामाचं, असा शेठजींचा हिशोब.

"काऊन बापा, शेठनं बैल इकले का?" एकानं विचारलं.

"उद्या आना याले. तान्ह्या पोळ्यात लेकराइच्या लाकडी बैलाइसंग उभा करा!" दुसरा ओरडला.

एक म्हातारा पुढे आला. त्यानं घोड्याच्या खांद्यावरून हात फिरवला. "लोण्यासारखी हाय खांद. जू माहीतच नाही याले. काल खांद शेकली का याची?"

"शेकली," बाबा म्हणाले.

सारे हसले. मी आईकडे पाहिलं. ती पदराआडून म्हणाली, "खरंच शेकली. हळद-तूप लावलं. 'आज आवतन घे, उद्या जेवाले ये' असं त्याच्या कानात म्हनलं. मी म्हनलं, पागल झाले का तुमी?"

तेवढ्यात कोणीतरी झडती, म्हणजे पोळ्यातलं गाणं, ठोकली,

"नांगर नाही ओढला, नाही ओढली गाडी,
शेठजीच्या घोड्याले मखमलीची साडी!
हर बोला महादेव!"

बाबा खाली मान घालून उभे. शेवटी पाटीलच म्हणाले, "त्याचं पोट हाय त्या घोड्यावर. राहू द्या उभा. ए मुनीम, काढ फोटू अन् सरक."

फोटो झकास आला. तोरण, बैल, मधोमध घोडा. साहेबांनी कपाळावर आठ्या घातल्या, पण दुसरं काही हाती नव्हतं. सुनावणीला फायली धरायला मला सोबत नेलं. अधिकारी तरुण होता, बोलायला गोड. फोटो बराच वेळ पाहत राहिला.

"म्हणजे हे घोडे शेतीकामाचे?"

"हां साहब! एकदम खेती के!" शेठजी खूश.

"मग हा खर्च शेतीचा. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, तर तिचा खर्च गिरणीच्या नफ्यातून कसा वजा होणार?"

"पर काम तो करते हैं ना!"

"करतात ना. म्हणूनच."

बाहेर आल्यावर साहेब कपाळावर हात मारून म्हणाले, "मी गिरणीच्या कामाचं म्हणत होतो हो!" मी जिन्यात उभी. काम नाही, तर खर्च कापला. काम आहे, तरी खर्च कापला. परीक्षेत मी या विषयात चांगली पास झाले होते.

शेठजींनी घोडे रायपूरला मेव्हण्याकडे पाठवायचं ठरवलं. मेव्हण्याचं लॉज होतं, तिथे पाहुणे घोड्यावर बसणार. "वहाँ धंधे का घोड़ा हो जाएगा," ते म्हणाले. बाबांनाही सोबत जा म्हणाले. बाबा पिशवी घेऊन घोड्यांच्या ट्रकमध्ये चढले. मी पोचवायला सोबत गेले.

कोहमाऱ्याच्या ढाब्यावर ट्रक थांबला. बाबांनी घोड्यांना पाणी दाखवलं, ड्रायव्हरला म्हणाले, "पांढऱ्याच्या मांगून नोको जाऊ, लात मारते." मग आपली पिशवी उतरवून घेतली. ट्रक देवरीच्या रस्त्याला लागला. आम्ही परतीची बस पाहत उभे राहिलो.

"बाई, तिथं ते कामाचे हायेत म्हनते?"

"हो."

"काम तेच? लोकाइले पाठीवर बसवाचं?"

"तेच."

"मंग इथं काऊन नाही चाललं?"

मी समजावू लागले. लॉज म्हणजे धंदा, गिरणी म्हणजे दुसरा धंदा, शेती वेगळी, हौस वेगळी. अर्ध्यात मी कुठं पोचले ते माझं मलाच कळेना. बाबा मान हलवत ऐकत होते.

बस दिसली तशी त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "उद्या मले तुझ्या साहेबाकडे घेऊन चाल. चौकीदार लागते का विचारून पाहू," ते म्हणाले. "पर साहेब मले कागदावर काय लिहिन, ते पयले विचारून घेजो."